चाळिशीनंतरचं स्टिअरिंग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी ट्रकवर किन्नर म्हणून चढलो. किन्नर म्हणजे क्लीनर. रस्त्यावरची माणसं त्याला किन्नरच म्हणतात. काच पुसायची, टायरवर टामी मारून आवाजावरून हवा ओळखायची, गाडी मागं घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणून ओरडायचं आणि उस्ताद झोपला की मालाची राखण करायची. माझा उस्ताद सव्वीस वर्षांचा होता. तो मला ‘मामा’ म्हणायचा आणि चुकलं की त्याच तोंडानं शिव्याही घालायचा.

त्याआधी एकवीस वर्षं मी पिंपरी-चिंचवडकडच्या एका कारखान्यात टर्नर होतो. हाताखाली चार पोरं होती. २००५ साली कारखान्याला टाळं लागलं. मुलगी नववीत, मुलगा सहावीत, घराचे हप्ते चालू. दुसरीकडं विचारायला गेलो की समोरचा माणूस आधी वय विचारायचा आणि मग चहा. वयाला हरकत न घेणारा धंदा मला एकच दिसला, तो म्हणजे ट्रकचा. त्यात मी सोळा वर्षं काढली. आज माझ्यासारखे पुष्कळ जण, कुणाची कंपनी बंद झाली म्हणून, कुणाची शेती परवडत नाही म्हणून, चाळिशी-पंचेचाळिशीत या वाटेला यायचं म्हणतात आणि मला विचारतात, ‘जमेल का हो?’ त्यांच्यासाठी हे चार शब्द.

लायसन्सची पायरी

सुरुवात कागदापासून करू. ट्रक चालवायला मालवाहतुकीचं, म्हणजे ट्रान्सपोर्ट वाहनाचं लायसन्स लागतं. त्यासाठी वय किमान वीस वर्षं हवं आणि आधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असायला हवं. म्हणजे ज्याच्याकडं काहीच नाही, त्यानं आज ठरवलं तरी मोठ्या गाडीवर बसायला वर्ष-दीड वर्ष धरावं. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ साली काढली. ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत पूर्वी तीन वर्षं होती, आता पाच वर्षं आहे.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. हा वाद वर्षानुवर्षं विम्याच्या दाव्यांत अडकला होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. उशिरा सुरुवात करणाऱ्याला ही मोठी सोय आहे. वर्षभर भाजीपाला, किराणा, कुरिअर अशी छोटी गाडी चालवावी, अंगात बळ आणि मनात ओढ राहिली तर पुढं जावं. नाही राहिली तर तिथंच थांबावं. त्यात कमीपणा नाही.

मग डॉक्टरी तपासणी. हा दाखला आपल्याकडं पाच मिनिटांत सही-शिक्क्यासकट मिळतो, हे मी सांगायला नको. पण चाळिशीनंतर हा दाखला आरटीओसाठी घ्यायचा नसतो, आपल्यासाठी घ्यायचा असतो. दिवसा स्वच्छ दिसणारा माणूस रात्री समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की काही क्षण आंधळा होतो. तरुण डोळा त्यातून पटकन सावरतो, आपला डोळा वेळ घेतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी. तशीच साखर. साखर उतरायची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं आणि जेवण मात्र ढाबा येईल तेव्हा, हे गणित जमत नाही. गाडी चालवताना साखर एकदम खाली आली तर हातपाय कापतात आणि डोकं चालत नाही. ब्लडप्रेशर, साखर, डोळे आणि कंबर, या चार गोष्टी खऱ्या डॉक्टरला खऱ्या दाखवा. तो नको म्हणाला तर ऐका.

वजन काय असतं

मोटार चांगली चालवतो म्हणून ट्रक जमेल, असं समजू नका. मोटार हातानं चालते, ट्रक अंदाजानं चालतो. दहा टायरच्या गाडीचं मालासकट वजन कायद्यानं साडेअठ्ठावीस टनांपर्यंत जातं. एवढं वजन एकदा गतीत आलं की ते तुमचं राहत नाही. समोर शाळेची पोरं आली म्हणून ब्रेक दाबला, तर गाडी थांबते, पण तिला हवी तिथं थांबते. माझ्या उस्तादानं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, ‘मामा, ब्रेक पायानं नंतर, डोळ्यानं आधी.’ पुढचा अर्धा किलोमीटर वाचायचा. दूरवर रस्त्याच्या कडेला धूळ उडाली की समजायचं, कुणीतरी गाडी आडवी घालणार.

मी पहिली तीन वर्षं कळंबोलीहून पोलादाच्या कॉइल भरून दक्षिणेत जात होतो. कॉइल म्हणजे पत्र्याची मोठी गुंडाळी, एकेक कित्येक टनांची. ती लाकडाच्या पाचरी लावून साखळदंडानं बांधतात. बांधणी ढिली राहिली आणि जोरात ब्रेक लागला, तर गाडी थांबते पण कॉइल थांबत नाही. ती केबिनमध्ये येते. त्यामुळं भरणारे हमाल ‘झालं, निघा’ म्हणाले तरी मी खाली उतरून प्रत्येक साखळीला हात लावायचो. कारखान्यात लेथवर जॉब बांधताना लागलेली सवय इथं कामाला आली. चाळिशीतल्या माणसाजवळ असं काहीतरी शिल्लक असतंच, ते वापरायचं.

घाट आणि न्यूट्रल

आता घाटाबद्दल जरा सविस्तर बोलतो. कारण नवशिका मरतो तो इथं आणि दुसऱ्यालाही मारतो तो इथंच. चढणीची भीती वाटते, पण धोका उताराचा. खंडाळ्याहून खोपोलीकडं उतरताना, किंवा कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर पुण्यात नवले पुलाकडं येताना, गाडी आपोआप पळू लागते. अशा वेळी काही ड्रायव्हर गिअर काढून न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. का? तर डिझेल वाचतं म्हणून.

त्यामागं पैशाचं गणित आहे. पुष्कळ मालक ड्रायव्हरला फेरीचे ठरावीक पैसे देतात किंवा गाडीचं अ‍ॅव्हरेज बांधून देतात. भरलेली मोठी गाडी एका लिटरला चारेक किलोमीटर जाते. ठरल्यापेक्षा डिझेल कमी लागलं तर उरलेलं ड्रायव्हरचं. म्हणजे उतारावर वाचवलेला एकेक लिटर त्याच्या पोराच्या फीमध्ये जातो. त्याला नुसतं बेजबाबदार म्हणून भागत नाही.

पण हे गणित चुकीचं आहे, ते कसं ते बघा. गिअरमध्ये गाडी असते तेव्हा चाकं इंजिनला फिरवतात आणि इंजिन गाडीला मागं ओढून धरतं. न्यूट्रल केलं की ही ओढ संपली. मग सगळं वजन एकट्या ब्रेकवर. ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतो, लायनरची पकड सुटत जाते, जळका वास येतो, आणि मग पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. लोक म्हणतात ‘ब्रेक फेल झाला’. बहुतेक वेळा तो फेल झालेला नसतो, आपण तो भाजलेला असतो. इंजिन बंद केलं असेल तर आणखी वाईट. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर. इंजिन बंद, म्हणजे दाबागणिक हवा कमी होत जाणार. स्टिअरिंगही जड होणार.

गंमत अशी की, आजच्या नव्या इंजिनात न्यूट्रल करून डिझेल वाचतही नाही. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की ही इंजिनं डिझेल आपोआप तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वर तोटा. जुन्या उस्तादांचा नियम साधा होता: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. एक्झॉस्ट ब्रेक लावा, ब्रेक धरून ठेवू नका, थोडा वेळ दाबा आणि सोडा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाच्या उतारावर एका अवजड गाडीनं कितीतरी वाहनांना चिरडत नेलं, तेव्हा मी घरी टीव्हीसमोर होतो. बायको म्हणाली, ‘तुम्ही उतरायचात ना हाच रस्ता?’ मी मान हलवली. बोलायला काही सुचलं नाही.

झोप नावाचा वैरी

दुसरा वैरी झोप. माणसाच्या शरीरात एक घड्याळ असतं. रात्री दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर ते आपल्याला खाली ओढतं. चहा, तंबाखू, मोठ्यानं लावलेली गाणी, खिडकीतून तोंडावर वारा, यांनी झोप जात नाही. झोप आली आहे हे फक्त कळेनासं होतं. डोळे उघडे असतानाही डोकं दोन-तीन सेकंद झोपतं. ताशी साठच्या वेगानं जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००९ सालचा पावसाळा होता. हुबळीच्या पुढं, पहाटे साडेतीनची वेळ. माल सकाळी आठला पोचवायचा, उशीर झाला तर भाड्यातून पैसे कापणार, असा फोनवर दम मिळालेला. रात्री एकनंतर चालवायचं नाही असं मी घरी कबूल केलं होतं. ते मोडलं. एकाएकी खडखड आवाज झाला आणि जाग आली. गाडीची डावी चाकं रस्ता सोडून मुरुमावर गेली होती. समोर, वीस-पंचवीस पावलांवर, एक बैलगाडी उभी होती. जू खाली टेकलेलं, बैल सोडलेले. गाडीखाली कुणीतरी घोंगडी पांघरून झोपलं होतं. मी स्टिअरिंग कसं फिरवलं, मला आठवत नाही. पुढं जाऊन गाडी उभी केली आणि खाली उतरून दगडावर बसलो. किन्नर झोपेतच होता. तो माणूसही झोपेतच होता. काय घडता घडता राहिलं, हे आमच्या तिघांत फक्त मला ठाऊक होतं.

त्या दिवशी माल दुपारी बाराला पोचला. पैसे कापले. मी ते मालकाला माझ्या पगारातून घ्या म्हणालो आणि त्यानंतर सोळा वर्षांची नोकरी संपेपर्यंत रात्री एक ते पाच गाडी हलवली नाही. दोन मालक त्यापायी सोडावे लागले. तिसरा भेटला तो असा, की त्यालाच रात्रीची फेरी नको होती. असे मालक थोडे असतात, पण असतात. नोकरी धरण्याआधी पगार विचारण्याबरोबर हेही विचारा: ‘रात्री गाडी उभी केली तर चालेल का?’ उत्तर देताना तो कुठं बघतो, त्यावरून कळतं.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं ठरवून दिलं होतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली, आठ तासांचं तत्त्व तिच्यातही आहे. पण रस्त्यावर कायद्याचं घड्याळ चालत नाही, मालाचं चालतं. म्हणून आपलं घड्याळ आपणच सांभाळायचं.

एका बाबतीत मात्र दिवस बदलले. २०१७ साली जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके गेले. पूर्वी तिथं रांगेत रात्र जायची. २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी बसवणं बंधनकारक झालं. लोकांना ही चैन वाटते. मे महिन्यात विदर्भातून जाताना इंजिनच्या उबेवर बसून बघा, मग कळेल. थकलेला माणूसच झोपतो.

पैसा आणि स्वतःची गाडी

पैशाचं स्पष्ट बोलू. पगार आणि फेरीचा भत्ता मिळून घर चालतं, पण ते चाक फिरलं तर. गोदामाबाहेर दोन-दोन दिवस गाडी खाली होत नाही, तेव्हा भत्ता बसून खाण्यातच जातो. सणावाराला, आजारपणात हात आखडतो. म्हणून नोकरी धरताना भविष्यनिर्वाह निधी आहे का, अपघाताचा विमा आहे का, हे लाज न बाळगता विचारावं.

आणि एक कळकळीची सूचना. कंपनीतून मिळालेल्या पैशातून लगेच स्वतःची गाडी घेऊ नका. माझ्याबरोबरच्या एका मित्रानं घेतली. जुनी गाडी, स्वतः मालक, स्वतः ड्रायव्हर. जाताना भाडं चांगलं मिळायचं, येताना गाडी रिकामी. परतीचं भाडं मिळवायला ओळखी लागतात, दलाल लागतो, वर्षं जावी लागतात. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतो. गाडी चालली की नाही हे बँक विचारत नाही. टायर, विमा, कर, पासिंग हे खर्च वेगळेच. अडीच वर्षांत गाडी गेली आणि घराचे कागदही गहाण पडले. मेहनतीत तो माझ्यापेक्षा काकणभर सरसच होता. फरक एवढाच, की मी दुसऱ्याच्या गाडीवर शिकलो आणि तो स्वतःच्या.

घरची किंमत

शेवटी घराबद्दल. बायको सुरुवातीला नाही म्हणाली. तिला लोक काय म्हणतील याची भीती होती. ट्रक ड्रायव्हर म्हटलं की लोकांच्या मनात दारू आणि बाकी काय काय येतं. मुलीनं शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय ‘खासगी नोकरी’ लिहिला होता. मी काही बोललो नाही. तिचं वयच तसं होतं.

२०११ साली मी होसूरजवळ असताना वडील गेल्याचा फोन आला. गाडीत वीस टन माल. ती रस्त्यात सोडून येता येत नाही. मालकानं दुसरा ड्रायव्हर पाठवला, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. मी गावी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता, राख सावडायला निघाले होते. आईनं माझ्याकडं बघितलं आणि आधी विचारलं, ‘जेवलास का?’ या धंद्याची ही किंमत आहे. पगारात ती दिसत नाही, म्हणून आधी सांगतो. तुमचे आईवडील थकलेले असतील, घरात दुसरं कुणी बघणारं नसेल, तर लांब पल्ल्याची गाडी घेऊ नका. संध्याकाळी घरी आणणारी गाडी बघा. शहरात पाण्याचे टँकर आहेत, दुधाच्या गाड्या आहेत, शाळेच्या बस आहेत.

पण देणंही आहे. मी बेळगाव, हुबळी, चेन्नई, इंदूर, कुठं कुठं गेलो. बिजासनच्या घाटात देवीपुढं हात जोडून पाऊस थांबायची वाट बघितली. पाच भाषांत ‘गाडी बाजूला घे’ म्हणायला शिकलो. कारखाना बंद झाला तेव्हा वाटलं होतं, आपण भंगारात निघालो. त्याच माणसाच्या भरवशावर लोकांनी लाखोंचा माल सोपवला. मुलीच्या लग्नपत्रिकेच्या वेळी तिनंच सासरच्यांना सांगितलं, ‘बाबा ट्रक चालवायचे.’ मी आतल्या खोलीत होतो, ऐकू आलं.

तेव्हा ज्यांना यायचं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. लायसन्सचा फॉर्म भरण्याआधी ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पंधरा दिवस किन्नर म्हणून जा. त्याच्याबरोबर ढाब्यावर जेवा, गाडीखाली पाना घेऊन शिरा, गोदामाबाहेर रात्र काढा, वयानं लहान असलेल्या उस्तादाच्या शिव्या खा. सोळाव्या दिवशी घरी येऊन अंघोळ करा, जेवा आणि दोन दिवस काहीच ठरवू नका. तिसऱ्या दिवशी बायको-मुलांना समोर बसवून सगळं खरं सांगा. तरीही जावंसं वाटलं, तर खुशाल जा. रस्ता वय विचारत नाही. फक्त रात्री एकला गाडी उभी करा.